पायांचीही विचारपूस करा

सकाळी सहाच्या सुमारास बंगळूरच्या लालबागेत गेलात तर फिरायला येणाऱ्यांची ही गर्दी दिसते. कोणी हात हलवत झपाझप चाललेले, कोणी गप्पांच्या नादात फेरी पुरी करणारे. जरा बाकांकडे नजर टाकली, की दुसरीही मंडळी दिसतात. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन टाच दाबत बसलेले गृहस्थ, बुटातून पाय काढून करंगळीवरचे कुरूप चाचपणाऱ्या बाई, लंगडत लंगडत फाटकाकडे निघालेले आजोबा. तब्येतीसाठी चालायला यायचे आणि पायांनीच साथ सोडायची, अशी यांची पंचाईत झालेली असते.

शहरातल्या मराठी घरांमध्येही हेच चित्र आढळते. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक होतो, मग साताऱ्याहून किंवा नाशिकहून आईवडील येतात. गावाकडे अंगणात मातीवर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर वावरलेले पाय आता दिवसभर फ्लॅटमधल्या गुळगुळीत, टणक टाइल्सवर असतात. चार-सहा महिन्यांत टाच बोलू लागते. सून म्हणते, “आई, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या.” सासूबाईंचे उत्तर ठरलेले, “छे गं, वयाचं दुखणं आहे. त्यासाठी कशाला डॉक्टर?” दात दुखला तर माणूस धावत जातो, चष्म्याचा नंबर वेळेवर तपासतो. पायाचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

वास्तविक एका पावलात २६ हाडे असतात. म्हणजे शरीरातल्या एकूण २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा दोन पावलांतच आहे. एवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राकडे आपण आंघोळीच्या वेळीही धड पाहत नाही.

सकाळचे पहिले पाऊल

पायाच्या तक्रारींत टाचदुखीचा मान पहिला. तिची खूण अगदी ठरलेली असते. सकाळी उठून जमिनीवर पहिले पाऊल टेकवले, की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालले की दुखणे कमी होते. मग बराच वेळ बसून उठले, की पुन्हा तीच कळ. बहुतेक वेळा हे दुखणे हाडाचे नसते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याच्या कातडीखाली एक जाड, चिवट पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. त्याला डॉक्टर प्लांटर फॅसिया म्हणतात. टाचेजवळ या पट्ट्यावर सतत ताण पडला, की तो दुखावतो. रात्रभर तो आखडलेला असतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते.

हा त्रास साधारण चाळिशी ते साठीच्या दरम्यान जास्त दिसतो. वजन वाढलेले असणे, कठीण फरशीवर अनवाणी तासन् तास उभे राहणे, झिजलेल्या पातळ चपला, पोटऱ्या आखडलेल्या असणे ही नेहमीची कारणे. आणखी एक कारण लालबागेत रोज पाहायला मिळते. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एक जानेवारीला उठतो आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालून येतो! पायांना सवयच नसते, त्याला ते बिचारे काय करणार? चालणे दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले, तर ही पाळी येत नाही.

अनेक जण टाचेचा एक्स-रे काढतात. त्यात हाडाला काट्यासारखे टोक आलेले दिसते आणि ‘हाड वाढलंय’ म्हणून घरात घबराट होते. पण असे टोक कधीही टाच न दुखलेल्या कित्येक माणसांच्या एक्स-रेतही सापडते. दुखणे काट्याचे असतेच असे नाही, त्यामुळे काटा कापून काढण्याचा विचार सहसा करावा लागत नाही.

उपाय घरचेच आहेत, पण चिकाटी हवी. अंथरुणातून उतरण्यापूर्वीच, बसल्या जागी, टॉवेल तळव्याच्या पुढच्या भागाला अडकवून दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढावा. गुडघा सरळ ठेवावा. तीस सेकंद धरावे, सोडावे, असे तीनदा करावे. दिवसातून दोन-तीन वेळा पायावर पाय ठेवून बसावे, हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे खेचावीत, दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा करायचे. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायामही तितकाच महत्त्वाचा. संध्याकाळी प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली दहा मिनिटे फिरवली की बरे वाटते. (ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे, त्यांनी मात्र बर्फाचा आणि शेकाचाही नाद सोडावा. कारण पुढे येतेच आहे.) घरात मऊ, पण टाचेला आधार देणारी वेगळी चप्पल वापरावी. देवघरात आणि स्वयंपाकघरात चप्पल कशी घालायची, हा प्रश्न अनेक घरांत येतो. त्यावर धुवून ठेवलेली, फक्त ओट्यापाशी वापरायची चप्पल हा तोडगा बऱ्याच सासूबाईंनी मान्य केलेला आहे.

हे दुखणे आठवड्यात जात नाही. महिने लागतात. पण शस्त्रक्रियेविना बहुतेकांचे वर्षभरात बरे होते. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले तर काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास तो पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याची भीती असते. रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, सूज किंवा ताप असेल, मुंग्या येत असतील, किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही आखडत असेल, तर घरचे उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

भेगा आणि चिखल्या

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इथली हवा कोरडी असते. कोकणातून आलेल्या माणसाच्या टाचांना हे पहिल्याच वर्षी कळते! टाचेची कातडी मुळातच जाड, तिला तैलग्रंथी नाहीत. ती कोरडी पडली आणि वरून शरीराचे वजन आले, की फाटते. मागून उघड्या चपलांमुळे टाच बाजूंना पसरते आणि भेगा वाढतात.

रात्री दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवावेत, वज्रीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढावी, पाय टिपावेत आणि ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा युरिया असलेले मलम लावून सुती मोजे घालावेत. आपल्याकडचे कोकमतेल म्हणजेच भिरंडेल यासाठी उत्तमच. ते थंडीत वडीसारखे घट्ट असते आणि किंचित ऊब मिळताच विरघळते. बंगळूरला येताना आजी ती वडी बरोबर आणत असतील तर त्यांना हसू नये. मात्र ते कढत करून भेगेत ओतण्याची जुनी रीत सोडून द्यावी. ब्लेडने कातडी कापणे तर मुळीच नको. महिनाभर नेमाने करूनही भेगा भरल्या नाहीत, त्यातून रक्त येऊ लागले किंवा तळव्यावर खपल्या धरल्या, तर सोरायसिस, थायरॉइड, मधुमेह यांपैकी काही आहे का, हे तपासून घ्यायला हवे.

पावसाळ्यात तक्रार बदलते. बंगळूरचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. ऑफिसला जाणाऱ्याचे बूट-मोजे सकाळी भिजतात आणि संध्याकाळपर्यंत पायातच वाळतात. मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, खाज सुटते, वास येतो. याच चिखल्या. नाव चिखलाचे असले तरी कारण असते ते ओलाव्यात वाढणारी बुरशी. क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन यांसारखे बुरशीनाशक मलम लावून त्या बऱ्या होतात. खाज थांबली की लोक दोन दिवसांत मलम बंद करतात, तिथेच चूक होते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. आणि औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणणे हे तर फार वाईट. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज लगेच थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि पुढे कोणत्याही औषधाला दाद देईनाशी होते. त्वचारोगतज्ज्ञांकडे आज येणाऱ्या चिवट नायट्यांच्या रुग्णांत अशा ट्यूबा वापरून आलेले कितीतरी असतात.

आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तिथे तेल किंवा मलई चोळू नये, ती टाचेसाठी. बुटाचे दोन जोड असावेत, म्हणजे एक वाळतो तोवर दुसरा वापरता येतो. चिखल्यांच्या फटीतून जंतू आत शिरून पाय लाल झाला, लाली वर चढू लागली आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुरूप, नख आणि मुरगळणे

कुरुपाला मूळ असते आणि ते मुळासकट उपटले की जाते, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात मूळबीळ काही नसते. चप्पल एकाच जागी सतत दाबत राहिली, की बचाव म्हणून कातडी तिथे जाड होते आणि मधला कठीण भाग टोचू लागतो. दाब गेला नाही तर कुरूप कितीदाही काढले तरी परत येते. म्हणून आधी चप्पल बदलावी. दुकानात मिळणाऱ्या कॉर्नच्या पट्ट्यांत कातडी जाळणारे आम्ल असते, मधुमेही माणसाने त्या लावू नयेत. तळव्यावरच्या ज्या गाठीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि जी बाजूंनी चिमटल्यावर दुखते, ती बहुधा कुरूप नसून चामखीळ असते. तिचा उपचार वेगळा.

अंगठ्याचे नख कडेने मांसात घुसण्याचा त्रास बहुतेक वेळा नेलकटरने कोपरे गोल आणि खोल कापल्यामुळे होतो. नख सरळ कापावे, फार आत कापू नये. पू झाला असेल तर घरी कोरत बसू नये.

पाय मुरगळला की घरात कोणी तरी तेल घेऊन चोळायला पुढे येतेच. बंगळूरच्या पदपथांवरच्या उचकटलेल्या ग्रॅनाइटच्या लाद्यांमुळे हा प्रसंग वरचेवर येतो. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. कापडात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. त्या पायावर कशीबशी चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायला हवा.

चपला-बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत घालून, दुकानात चालून पाहावे. मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ‘वापरून सैल होईल’ या दुकानदाराच्या आश्वासनावर विसंबू नये. याला अपवाद एकच, आपली कोल्हापुरी! ती पहिले काही दिवस चावते आणि मग पायाची होते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यामुळे बंगळूरच्या मराठी माणसाला तिचा दुहेरी अभिमान बाळगायला हरकत नाही. पण ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी नवी कोरी कोल्हापुरी घालू नये. चावल्याचे त्यांना कळतच नाही.

न दुखणारा पाय

आतापर्यंतच्या सगळ्या तक्रारी दुखणाऱ्या पायाच्या. खरा धोका आहे तो न दुखणाऱ्या पायाचा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की पायाच्या नसा हळूहळू निकामी होतात. आधी मुंग्या, जळजळ, कापसावर चालल्यासारखे वाटणे, आणि मग काहीच न वाटणे. रोगी उलट खूश होतो, जळजळ थांबली म्हणून! अशा माणसाच्या चपलेत खडा गेला तर तो दिवसभर त्यावरच चालतो. पायातून चप्पल निसटून पडली तरी कळत नाही. दुपारी देवळातल्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली, तर फोड घरी आल्यावर मोज्यावरच्या डागामुळे दिसतो. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, जखम भरत नाही, चिघळते. मधुमेहात पाय किंवा बोट कापावे लागते, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के प्रसंगांत सुरुवात अशाच एखाद्या जखमेने झालेली असते. म्हणजेच जखम टाळली किंवा वेळेवर बरी केली, तर यांतले बरेच पाय वाचू शकतात.

हे गणित प्रथम मांडले गेले ते मधुमेहात नव्हे, कुष्ठरोगात, आणि तेही बंगळूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदनाच नसल्याने त्या माणसाला भाजते, कापते, घासते ते कळत नाही, आणि दुखापतींवर दुखापती होऊन बोटे जातात. निरोगी माणूस पाय दुखू लागला की नकळत वजन दुसरीकडे टाकतो, थोडे लंगडतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. तो त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार टाकत राहतो. म्हणून औषधाइतकीच चप्पल महत्त्वाची ठरली, आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एम. सी. आर. तळाच्या चपला त्या रुग्णांना देण्यात येऊ लागल्या. पुढे अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. आजही मधुमेहींना डॉक्टर एम. सी. आर.च्या चपला लिहून देतात. दुकानात ‘कुष्ठरोग्यांची चप्पल’ म्हणून काही जण ती घालायला लाजतात. पाय शाबूत राहणार असेल तर लाज कसली?

बंगळूरने या कामात पुढचे पाऊल टाकले आहे. येथील कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्च या सरकारी संस्थेत पावलांच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. त्या विभागाचे डॉ. पवन बेळेहळ्ळी आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातील प्रा. जी. के. अनंतसुरेश, प्रियब्रत महाराणा व ज्योती सोनवणे यांनी मिळून मधुमेहींसाठी एक वेगळ्या प्रकारची सँडल तयार केली. २०२२ साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. या सँडलच्या तळात त्रिमितीय छपाईने बनवलेल्या लहान लहान कमानी असतात. एखाद्या जागी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भार आला, की तिथली कमान उलट्या बाजूला लवते आणि तेवढ्या जागेचा दाब हलका होतो. पाय उचलला की कमान आपोआप पूर्ववत होते. स्टीलच्या डबीचे झाकण दाबल्यावर टक्कन आत जाते आणि सोडल्यावर परत येते, तसेच काहीसे. यात बॅटरी नाही, तारा नाहीत. निरोगी माणूस जे नकळत करतो, ते बधिर पायासाठी चपलेने करायचे, अशी ही कल्पना आहे. सँडल रुग्णाच्या पावलाच्या मापानुसार आणि त्याच्या चालीनुसार बनवायची असते.

अशी सँडल मिळो न मिळो, घरच्या घरी करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मधुमेह्याने रोज रात्री उजेडात तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. निसटणाऱ्या स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. देवळात जायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे. थंडीत पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नये, मोजे घालावेत. बायकांच्या जोडव्यांबद्दल बोलणे जरा नाजूक आहे, पण पायाला सूज आणि बधिरपणा असेल तर घट्ट जोडवी बोटाचा रक्तपुरवठा अडवू शकतात. सैल करून घ्यावीत किंवा काढून ठेवावीत. सौभाग्याला त्याने बाधा येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात. थोडे चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि थांबले की तो जाणे, ही त्याची खूण.

लहानशी जखम असली तरी मधुमेह्याने ‘दोन दिवस हळद लावून बघू’ म्हणू नये. जखमेतून घाण वास येणे, कड काळी पडणे, ताप येणे ही तातडीची लक्षणे. आणि एक फसवे लक्षण आहे. पाऊल एकाएकी सुजते, लाल आणि गरम होते, पण फारसे दुखत नाही. लोक मुरगळले असेल म्हणून सोडून देतात. मधुमेहात त्याचा अर्थ पावलाची हाडे आतून ढासळू लागली आहेत, असाही असू शकतो. त्या पायावर चालणे तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

पायाची जाणीव शाबूत आहे की नाही, हे दवाखान्यात नायलॉनच्या बारीक धाग्याने तपासतात. मधुमेह असलेल्याने ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. मधल्या काळात घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा इंग्लंडमधल्या इप्सविच येथील डॉक्टरांनी सुचवली आहे. तिला ना यंत्र लागते, ना पैसा. सासूबाईंना मोजे काढून पलंगावर पाय पसरून बसवायचे. “डोळे मिटा आई, आणि हात लागला की कुठल्या पायाला ते सांगा,” असे म्हणायचे. मग आपल्या तर्जनीने उजव्या पायाचा अंगठा, मधले बोट, करंगळी आणि तशीच डाव्या पायाची तीन बोटे यांच्या टोकांना एकेक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, पण सरळ क्रमाने नाही, उलटसुलट. दाबायचे नाही, थोपटायचे नाही, टोचायचे तर नाहीच. एका बोटाला एकदाच. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी उत्तर आले नाही, तर त्यांचे ‘वयाचं दुखणं’ हे म्हणणे ऐकून न घेता त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ ठरवायची.